लोकरीच्या गुंड्याला दोन टोकं असतात

वाचता येणाऱ्या माणसाला विणता येणार नाही, हे अनुस्वारांना पटण्यासारखं नव्हतं. दोन सुया, एक धागा आणि समोर छापील पुस्तक! एवढं हाताशी असल्यावर नापास व्हायला जागा तरी कुठे उरते? असं ते दाढीच्या आरशासमोर म्हणाले, आणि आरशातल्या गृहस्थांनी लगेच मान हलवली. आता आरशातला माणूस मान हलवणारच, त्याला दुसरं काय येतं. पण अनुस्वारांच्या बाजूने इतक्या ठामपणे कुणी उभं राहण्याचे प्रसंग थोडे, त्यामुळे तेवढा पाठिंबा त्यांना पुरला.

अनुस्वार हे त्यांचं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला, आणि तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी हे नाव त्यांच्यावर डकवलं. अंगाने लहान आणि गोल, बसायची जागा पोटमाळ्यावर, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर, आणि ते आहेत हे फक्त ते नसतील तेव्हाच कळायचं. निवृत्त झाले तरी नाव काही निवृत्त झालं नाही. फक्त घरात ते ‘अहो’ होते.

अहो म्हणणाऱ्या होत्या बाई. बाई शाळेत गणित शिकवायच्या. अर्धं गाव त्यांच्यापुढे उभं राहून पाढे म्हणत मोठं झालेलं, त्यामुळे गावभर त्या बाई. आणि नवरा झालो म्हणून वेगळी हाक मारायचा धीर न झाल्याने अनुस्वारांनाही त्या बाईच.

बाई विणायच्या. दर नाताळला मुलगी, जावई आणि नात घरी यायची, आणि प्रत्येकाला बाईंच्या हातचं काहीतरी मिळायचं. सगळं एकाच विटकरी रंगात. नाताळच्या सकाळी सगळ्यांनी ते घालून जिन्यात फोटो काढायचा, हा घरचा नेम. त्या फोटोंत कोण कुठे संपतं आणि पुढचं माणूस कुठे सुरू होतं, हे घरच्यांनाही सांगता यायचं नाही. अनुस्वारांचा नंबर शेवटचा. सगळ्यांचं झाल्यावर जी लोकर उरे, तिच्यात त्यांचे मोजे बसवायचे. एका वर्षी लोकर कमी पडली, तेव्हा डावा मोजा घोट्यापाशीच संपला. अनुस्वारांनी तो हिवाळाभर घातला आणि डावा पाय जरा कमी थंड पडतो असं स्वतःला पटवलं.

यंदा मात्र बाईंच्या बोटांची पेरं सुजली. डॉक्टरांनी सांगितलं, विणकाम बंद. बाई नियमाच्या पक्क्या. त्याच संध्याकाळी त्यांनी सुया कागदात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या आणि यंदाच्या भेटी दुकानातून आणायच्या असं मुलीला फोनवर कळवलं. आवाज अगदी फळ्यावर गणित लिहिताना असायचा तसा सरळ. पण फोन ठेवल्यावर त्या रिकाम्या हातांनी बसून राहिल्या, आणि हात रिकामे असले तरी बोटं मांडीवर आपली हलत होती. अनुस्वार पुस्तकाआडून हे पाहत होते. हिने आयुष्यभर सगळ्यांना विणून घातलं. हिला कधी कुणी विणून घातलं? आरशापुढचा ठराव मंजूर झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि अमलात यायला आठवडा लागला.

लोकरीच्या दुकानात एकटा पुरुष शिरला की तो एकतर वाट चुकलेला असतो, नाहीतर बायकोने पाठवलेला. अनुस्वार दारात इतका वेळ उभे राहिले की लोकरवालीला ते दोन्ही वाटले. शेवटी त्यांनी बूट काढला, पायातला मोजा काढला आणि काउंटरवर ठेवला.

“ह्या रंगाची लोकर हवी होती.”

लोकरवालीने मोजा चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

“धुतलेला आहे,” अनुस्वार घाईने म्हणाले.

“हा रंग बंद झालाय हो काका. गिरणी काढतच नाही आता. होतं ते सगळं परवाच एक गिऱ्हाईक उचलून घेऊन गेलं. खिडकीत शोभेला ठेवलेला एक गुंडा आहे, एका बाजूने उन्हानं विटलेला.”

“शाल होईल त्यात?”

“कोणाला?”

“बायकोला.”

“केवढ्या आहेत?”

अनुस्वारांनी हाताने उंची दाखवली. हात स्वतःच्या डोक्यावरून बराच वर गेला. लोकरवालीने हाताकडे पाहिलं, मग गुंड्याकडे पाहिलं. “मफलर होईल फार तर. तोही मान बारीक असेल तर.”

“मान ताठ आहे,” अनुस्वार म्हणाले, “पण बारीक आहे.”

विणणार कोण, असं तिने विचारल्यावर, ओळखीचे एक गृहस्थ आहेत, एवढं सांगून ते एक पाय उघडा ठेवूनच बाहेर पडले. मोजा परत आणायला त्यांना पुन्हा जावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, माणसाने पुस्तक उघडावं आणि विणायला बसावं. पण अनुस्वार आधी प्रस्तावना वाचणारे. प्रस्तावना वाचली, ऋणनिर्देश वाचला, शुद्धिपत्र वाचलं आणि शुद्धिपत्रातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. टाके घालायच्या पानापर्यंत पोहोचेस्तोवर लेखिकेवरचा त्यांचा विश्वास बराच डळमळला होता. त्यातून त्या पानावर हाताचं चित्र होतं आणि त्या हाताला बोटं जरा जास्तच वाटत होती.

तरी जमलं. दुपारी जेवणानंतर बाई झोपायच्या खोलीचं दार लावून घेत. अनुस्वारही पुस्तकांच्या खोलीत जाऊन दार लावत, मी जरा पडतो म्हणत. कोशांच्या मोठ्या खंडांमागे मफलर लपवलेला असे, तो काढत आणि जीभ दाताखाली धरून विणत. अडचण एकच होती. त्यांचा हात मनाप्रमाणे चाले. बाई उठल्या की काय अशी भीती वाटली की टाके असे आवळले जात की सुई शिरेना. आणि वाचलेल्या एखाद्या चांगल्या वाक्याची आठवण आली की असे सैल पडत की बोट आरपार जावं. त्यामुळे मफलरचा आकार थोड्या थोड्या अंतरावर उंदीर गिळलेल्या सापासारखा होऊ लागला.

शिवाय धंद्याची खोड. बारा ओळी वर गेल्यावर खाली एक सुटलेला टाका दिसायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, मरू दे, कोण बघतंय. पण अनुस्वारांनी आयुष्यभर तेच बघितलेलं, जे कुणी बघत नाही. ते सगळं उसवायचे आणि पुन्हा विणायचे. विणून उसवून ती बिचारी लोकर इतकी झिजली, तिचे इतके केस गळले, की तिच्यात आणि अनुस्वारांत काही फरक राहिला नाही. मग ती तुटू लागली. आणखी लोकर पाहिजे होती, आणि गिरणीने तर रंगच बंद केलेला.

बाई बाजारात गेल्या असताना ते पांघरुणं काढायला बोळातली ट्रंक उघडायला गेले. बोळ म्हणजे पुस्तकांची खोली आणि झोपायची खोली यांच्यामधली अरुंद वाट. तिथे ती लोखंडी ट्रंक भिंतीला टेकून असे. पांघरुणांच्या तळाशी एक कापडी पिशवी निघाली, आणि पिशवीत एक अर्धवट तुकडा. विटकरी रंग! रेखीव, सारख्या ओळी, वरचे टाके एका दोऱ्यावर ओवून ठेवलेले. स्वेटरचा मागचा भाग असावा. अनुस्वार ट्रंकेपाशी बसले. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तेव्हा हे हातात असणार. बिचारीने तसंच ठेवून दिलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांच्या मनात हिशोब आला: हिची लोकर हिच्याच गळ्यात पडली तर त्यात चोरी ती कसली?

पण सगळा तुकडा उचलायचं धाडस कुठून आणायचं? ते रोज सकाळी बाई बाजारात गेल्या की वरच्या चार-सहा ओळी उसवत, टाके पुन्हा दोऱ्यावर ओवत, त्यात दोन-तीन उलटे बसत, आणि पिशवी होती तशी ठेवत.

पहिल्या आठवड्यात त्यांना फक्त आनंद झाला. दुसऱ्या आठवड्यात तो जरा ओसरला. कारण कितीही लोकर काढली तरी तुकडा होता तेवढाच राही. एखाद्या दिवशी तर बोटभर वाढलेला वाटे. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचा स्वतःचा मफलर वाढत नव्हता. आदल्या दुपारी वीतभर झालेला ते डोळ्यांनी बघत, संध्याकाळी वाचनालयात जाऊन येत, आणि दुसऱ्या दुपारी कोशांमागे हात घालावा तर पुन्हा त्याच सुरुवातीच्या चार बोटं ओळी! उसवायची खोड आपलीच, हे ठाऊक असल्याने त्यांना एकच अर्थ लागला. आपण उसवतो आणि विसरतो. लोकरही बहुतेक आपण काढतच नाही, काढली असं फक्त वाटतं.

अनुस्वारांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यात कुणाला काय सांगितलं होतं? पण त्याच सुमारास बाई चमत्कारिक प्रश्न विचारू लागल्या.

“काल रात्री आपण काय जेवलो?” त्यांनी सकाळी चहाच्या वेळी विचारलं.

“कोबी,” अनुस्वार म्हणाले.

“नक्की?”

बाईंच्या ‘नक्की?’ने गावातल्या भल्याभल्यांनी बरोबर आलेली उत्तरं खोडली होती. “फ्लॉवर होता का?”

बाईंचा चेहरा उतरला. “मला तर कोबीच आठवतो,” त्या अगदी हळू म्हणाल्या आणि कपात बघत बसल्या. अनुस्वारांना वाटलं, हिच्या लक्षात आलं. ही आपली परीक्षा घेतेय. तेव्हापासून ते रोज रात्री जेवलेलं सकाळपर्यंत मनात घोकू लागले.

मग मुलीचा फोन आला. बाईंनी बोलता बोलता तिला विचारलं, काल मी तुला फोन केला होता का गं? मुलगी म्हणाली, हो, केला होतास. बाई बरं म्हणाल्या आणि फोन अनुस्वारांकडे दिला. अनुस्वारांना आदला प्रश्न ऐकू गेला नव्हता. त्यांनीही तोच विचारला.

दुसऱ्या टोकाला मुलीने हातात पेन्सिल घेतली.

मुलगी दवाखान्यात परिचारिकांची मुख्य होती. ती काळजी करत बसत नसे, व्यवस्था करत असे. त्याच दिवशी तिने दोघांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं की नाताळला ती येईल, सगळं डोळ्यांनी बघेल आणि ठरवेल. तिच्याकडची मागची खोली तिने मोकळी करून घेतली होती. उजेड छान होता, बाहेर झाड होतं. “आणि बाबा, तुमच्यासाठी एक फळी ठोकून घेतलीय. आवडती दहा-बारा पुस्तकं सहज बसतील.”

त्या रात्री अनुस्वार पुस्तकांच्या खोलीत भिंती बघत बसले. जमिनीपासून छतापर्यंत चारी बाजूंनी. दहा-बारा! कुणाकुणाला ते सांगायचं, तू राहा म्हणून? आणि बाईंचं काय? हा जिना, ही खिडकी, समोरून जाताना अजूनही चपापून सरळ चालणारे टक्कल पडलेले विद्यार्थी, हे सगळं बाईंनी केवळ आपल्या विसरण्यापायी सोडायचं? त्यांनी मनाशी पक्कं केलं, काहीही होवो, नाताळपर्यंत डोकं ठिकाणावर असल्यासारखं वागायचं. आणि मफलर पुरा करायचा. तो पुरा झाला तर डोकं शाबूत आहे याचा दुसरा पुरावा कशाला?

डॉक्टरही बाईंचेच विद्यार्थी. बाई आत आल्या तसे ते खुर्चीतून उठले आणि बसायचं विसरले.

“मी ह्यांच्यासाठी आलेय,” बाई म्हणाल्या.

“मी बाईंना सोबत म्हणून आलो,” अनुस्वार म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासायचं ठरवलं. आधी बाई. शंभरातून सात वजा करत जायचं, एवढंच विचारायचं होतं, पण ते विचारताना त्यांना घाम फुटला. बाई दोनपर्यंत आल्या, थांबल्या नाहीत, शून्याच्या खाली उतरल्या आणि तशाच निघाल्या. उणे शहाण्णववर डॉक्टरांनी हात जोडले. “पुढचं तू सांग,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

अनुस्वारांना एक छापील उतारा वाचून त्यातलं काय आठवतं ते सांगायचं होतं. त्यांनी उतारा सगळा सांगितला, वर त्यातल्या छपाईच्या चुका कितव्या ओळीत आहेत तेही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, तुमची डोकी माझ्या डोक्यापेक्षा बरी आहेत. मग बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, “पण बाई, सूज वाढलीय. विणकाम बंद आहे ना?”

“बंद,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी उत्तर देताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

“आणि तुमच्या ह्या बोटाला घट्टा कसला पडलाय?” डॉक्टरांनी अनुस्वारांना विचारलं.

“वाचून,” अनुस्वार म्हणाले.

डॉक्टरांनी मुलीला काय कळवलं कोण जाणे. पण ती नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी जावयाला आणि नातीला घेऊन आली ती पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्यासारखीच. गॅसची बटणं बघितली, औषधांच्या डब्या मोजल्या, बाबांना वार विचारला. अनुस्वारांनी वार, तारीख आणि आदल्या रात्रीची भाजी असं एका दमात सांगितल्यावर तिचा संशय वाढला. विचारलेलं नसताना भाजी कोण सांगतं?

दुपारी जेवणं झाली. जावई नातीला घेऊन गावात फिरायला गेला. बाई जरा पडते म्हणाल्या. अनुस्वारही जरा पडतो म्हणाले. मुलगी म्हणाली, पडा, चार वाजता चहा करते.

आता अनुस्वारांपाशी होती ही एकच दुपार. मफलर अजूनही तेवढाच, चार बोटं. बोळातल्या अंधुक उजेडात चोरपावलांनी जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. पिशवीत आज तुकडा नव्हताच! त्याच्या जागी होता गुंडा, चांगला गुबगुबीत. एरवी ते चक्रावले असते. पण विसरभोळ्या माणसाचा एक फायदा असतो, त्याला कशाचंच नवल वाटत नाही. तुकडा मीच उसवला असेन, गुंडाही मीच केला असेन, म्हणत त्यांनी गुंड्याचं बाहेरचं टोक धरलं. गुंडा उचलला तर पिशवी चपटी दिसेल. म्हणून तो तिथेच ठेवला, ट्रंकेचं झाकण बोटभर उघडं ठेवलं आणि धागा सोडत सोडत, दाराच्या फटीतून आत घेत, ते पुस्तकांच्या खोलीत शिरले. दार लावलं आणि विणायला बसले.

आज हात काय चालत होता! ना आवळ ना सैल. पहिल्यांदाच पुस्तक न उघडता ते विणत होते. मध्येच धागा थोडा ओढ घेई, जणू कुणी पलीकडून नको म्हणत होतं. अनुस्वार जरा जोर लावत आणि धागा येई. काही वेळाने तो जास्तच ओढ घेऊ लागला. कुठेतरी अडकलाय, असं म्हणून त्यांनी बराच जोर लावला. धागा आला, आणि लगेच सर्रकन परत गेला. सुईवरचे दोन टाके सुटले. अनुस्वार शांत माणूस, पण ही त्यांच्या आयुष्यातली पहिली बिनचूक ओळ होती. त्यांनी धागा मुठीला गुंडाळला, पाय कपाटाला लावले आणि ओढला.

नेमकी त्याच वेळी मुलगी चहाचा ट्रे घेऊन बोळातून येत होती.

तीन कप, किटली, बिस्किटांची बशी आणि मुलगी, या क्रमाने सगळं जमिनीवर आलं. आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरच्या माणसाने छताला काठी ठोकली. मुलगी उठून बसली. नडगीला काहीतरी चावलं होतं. तिने पाहिलं तर चहाच्या थारोळ्यावर एक विटकरी धागा तारेसारखा ताणलेला. त्याचं एक टोक पुस्तकांच्या खोलीच्या दाराखालून आत गेलेलं आणि दुसरं झोपायच्या खोलीच्या. मध्ये उघड्या ट्रंकेत रिकामी पिशवी. गुंडा संपला होता.

तिने धागा मधोमध पकडला आणि दवाखान्यात बेशिस्त पडदा बाजूला सारतात तसा एक झटका दिला.

दोन्ही दारं उघडली. एका दारात अनुस्वार, हातात सुया आणि दुपारभराच्या ओळी झटक्यासरशी उसवून पुन्हा चार बोटंच उरलेला मफलर. दुसऱ्या दारात बाई, हातात सुया आणि अर्धा स्वेटर.

बाईंनी बोट अनुस्वारांच्या हातातल्या वस्तूकडे केलं.

“ते तुम्ही विणलंत?”

“हो.”

“तुम्ही?”

“चुकलंय थोडं,” अनुस्वार म्हणाले.

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. मुलीला वाटलं आता रडणार. “मला वाटलं मी विणलंय,” त्या म्हणाल्या. “कोशांवरची धूळ झटकायला गेले तर मागे हे. रंग माझा, लोकर माझी, घरात विणणारी मी एकटी. आणि टाके असे, की शाळेतल्या ढ पोरीनं घातले नसते. म्हटलं, झालं. आपण असलं काहीतरी विणतो आणि आपल्याला आठवतसुद्धा नाही. रोज संध्याकाळी जिथवर बरोबर आहे तिथवर उसवून ठेवायची, लोकर काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच भयंकर! माझा स्वेटर रोज कमी भरायचा, टाके उलटे बसलेले असायचे. आज तर मी सगळी लोकर एका गुंड्यात गुंडाळली, हिला दिसायला नको म्हणून गुंडा ट्रंकेतच ठेवून आतलं टोक खोलीत नेलं, म्हटलं आज काय ते संपवायचंच.” त्यांनी श्वास घेतला. “मी वेडी झालेय असं मला वाटावं, इतकं वाईट विणता तुम्ही!”

“मला वाटलं वेडा मी झालोय,” अनुस्वार म्हणाले. मग जरा थांबून, कारण हा प्रश्न विचारायचा त्यांना धीर होत नव्हता, “तो स्वेटर कोणाचा?”

“कोणाचा म्हणजे?” बाई एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या. “लोकरवालीकडचा सगळा माल उचलून आणला, तो काय मोज्यांसाठी? डॉक्टर म्हणाला, आता विणकाम कायमचं बंद. म्हटलं, मग शेवटचं एक तरी आधी तुमचं. इतकी वर्षं उरलेल्यावर काढलीत.”

अनुस्वारांनी खाली पाहिलं. चहा त्यांच्या मोज्यांपर्यंत पोहोचला होता.

मुलगी अजून जमिनीवरच होती. एका हातात किटलीचं झाकण, दुसऱ्या हातात धागा. तिने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मग तिला हसू आवरेना. हसताना तिची नडगी दुखत होती, त्यामुळे ती रडल्यासारखीही दिसत होती. जावई परत आला तेव्हा त्याला बिचाऱ्याला नक्की काय झालंय ते कळेचना.

संध्याकाळी मुलीने निकाल दिला. दोघांची स्मरणशक्ती उत्तम आहे. बाकी कशाचीच ती खात्री देणार नाही. मागच्या खोलीत जावयाला व्यायामाची सायकल ठेवायची आहेच. पण सुया ती घेऊन जाणार, बाईंच्याही आणि बाबांच्याही. बाईंनी बोटांसाठी ते मान्य केलं. अनुस्वारांनीही केलं, आणि त्यांना सुया दिल्याचं दुःख जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

नाताळच्या सकाळी जिन्यात फोटो काढायला सगळे जमले. जुन्या विटकरी स्वेटरांत तिघं, शेजारी बाई, आणि त्यांच्या मागे अनुस्वार, नव्यात. नव्यात म्हणजे, स्वेटरचा फक्त मागचा भागच काय तो झाला होता, तोही काखेपर्यंत. मुलीने त्याला चार नाड्या लावून तो बाबांच्या पाठीवर बांधला. मागून पाहिलं तर कुठल्याही मोठ्या दुकानात शोभेल असा, पुढून पाहिलं तर फक्त गाठी. म्हणून फोटोपुरतं अनुस्वारांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. तसंही त्यांना तेच बरं वाटलं. आजवरच्या सगळ्या फोटोंत ह्यातच ते सगळ्यांत चांगले आलेत, असं नात म्हणाली.

मफलर तर चार बोटांचा. तो बाईंच्या बारीक मानेलासुद्धा पुरणार नव्हता. बाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि उजव्या मनगटाभोवती गुंडाळला. एक वेढा बरोबर बसला. टोकं जुळली. मुलीने सेफ्टी पिन लावून दिली.

“ऊब चांगली आहे,” बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. “ठणका कमी वाटतोय.” आणि मग भिंतीकडे बघत, “मला एवढाच हवा होता.”

अनुस्वारांना आयुष्यात कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. छापखान्यात कधी कुणी म्हणालं नाही की वा, ह्या पानात एकही चूक नाही. चूक सापडली की मात्र जिना चढून वर येत. ते बाईंच्या शेजारी बसले आणि त्या मनगटाकडे डोळे भरून पाहत राहिले. सारख्या, सरळ, देखण्या ओळी. आणि ह्या ओळी बाईंनी, गणिताच्या बाईंनी, रोज तपासून बरोबर म्हणून ठेवलेल्या.

तेवढ्यात त्यांना तो दिसला. खालून तिसऱ्या ओळीत, पिनेच्या जरा डावीकडे. सुलट हवा तिथे उलट. एकच टाका. बाईंच्याही नजरेतून सुटलेला.

त्यांनी खूप प्रयत्न केला. खिडकीबाहेर पाहिलं, नातीशी बोलले, दोन बिस्किटं खाल्ली. पण डोळे फिरून तिथेच. शेवटी त्यांचा हात अगदी नकळत, अगदी हलके, पिनेकडे सरकला.

बाईंनी मान वळवली नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हात मागे.”